क्रिमिनॉलॉजीचं माहितीपत्रक आणि तेरा हजारांचा हप्ता

आज डोकं तापलंय, पोस्ट मोठी होणार. कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

दुपारी शाखेत एक शेतकरी गृहस्थ आले. मुलीसाठी शैक्षणिक कर्ज हवंय. कोर्स? बीएस्सी क्रिमिनॉलॉजी अँड फॉरेन्सिक, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र आणि गुन्ह्याच्या पुराव्यांची वैज्ञानिक तपासणी. खासगी विद्यापीठ, तीन वर्षांचं हॉस्टेल धरून सहा लाखांवर. सोबत गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर पांढरा कोट घातलेली मुलगी, हातात भिंग, मागे पिवळी पट्टी. "मॅडम, पोरगी सीआयडीत लागंल म्हणत्यात." कोण म्हणतं? "ॲडमिशनचे सर."

त्या सरांना एकदा माझ्या टेबलासमोर बसवायचंय.

अहो, सीआयडीत डिग्री दाखवून कुणी लागत नाही. तिथे पोलीस खात्यातलेच अधिकारी जातात. खात्यात फौजदार व्हायचं तर एमपीएससी, आणि तिला कुठलीही पदवी चालते. बीए मराठी चालतं, बीकॉम चालतं. शिपाई भरतीला तर बारावी पुरते. म्हणजे सहा लाख घालून ही पोर त्याच रांगेत उभी राहणार, जिथे गावच्या कॉलेजातून बीए झालेली तिची मैत्रीण आधीच उभी आहे.

माझ्या नणंदेच्या मुलीचं हेच झालं. जवळच्यांना माहितीय. तिचंही सहा लाखांचं कर्ज, आमच्या नव्हे, दुसऱ्या बँकेचं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून लोकांना ते हलकं वाटतं. पण बाप सहकर्जदार असतो, आणि शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. दर वर्षाला दोन लाख उचलले, साडेदहा टक्के दर, कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत. हप्ते सुरू होईपर्यंत सहाचे पावणेआठच्या वर गेले होते. सात वर्षांची फेड धरली तर महिन्याला तेरा हजार तीनशेच्या आसपास. आणि भाचीचा पहिला पगार अठरा हजार. पुण्यात. काम काय, तर आयटी कंपन्यांत लागलेल्या पोरांचे पत्ते खरे आहेत का ते दारोदार जाऊन बघायचं. गुन्हेगारीचे सिद्धांत पाठ करून सोसायटीच्या वॉचमनला विचारायचं, "हे इथेच राहतात का?"

सरकारी फॉरेन्सिक लॅबचं म्हणाल, तर मुंबईत कलिनाची मुख्य प्रयोगशाळा आणि नागपूर, पुणे, नाशिक, कोल्हापूर वगैरे ठिकाणच्या विभागीय. या प्रयोगशाळा चालवणाऱ्या राज्याच्या संचालनालयाने २०२४ मध्ये भरती काढली ती १२५ पदांची, अख्ख्या महाराष्ट्रासाठी. त्यातल्या वैज्ञानिक सहायकाच्या जागांना साधा केमिस्ट्रीचा बीएस्सीही चालत होता. भाचीने फॉर्म भरला होता. पुढचं विचारू नका.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये नवा कायदा आणणारच. हो, माहितीय. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे. माणसं लागतील, वाढेल मागणी, मान्य. पण बँकेचा हप्ता पाच वर्षं थांबत नाही ना.

(चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.)

भाचीबद्दल आणखी एक सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पत्ते तपासायचं काम सोडून ती आता एका संस्थेत आहे, तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांची कागदपत्रं बघते. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारातले तीन लोक कच्चेच असतात, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. मागे एक पोरगा होता, मोबाइलचोरीचा आरोप. जामीन मंजूर होऊनही आतच, कारण जामीनदार नाही. जामीनदार मिळाला तर ऐपतीचा दाखला नाही. हिने त्याच्या आईला घेऊन तहसीलला खेटे घातले, शेवटी कोर्टाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडलं. फोनवर सांगताना ही रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू. हे सगळं ती कॉलेजातच शिकली, हेही खरं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने १९९० मध्ये 'प्रयास' सुरू करून हेच काम उभं केलं, त्यांच्याबद्दल ती देवासारखं बोलते.

पण पगार? चोवीस हजार. तोही प्रकल्पाचे पैसे येतील तोवर. त्यातले तेरा बँकेला. आणि घरच्या कार्यात काका लोक हसत विचारतात, "काय, चोरांची वकिली कशी चाललीय?" यांच्या पोरांचे फ्लॅटचे हप्ते बाप भरतात, आणि हसायचं हिला! परत डोकं फिरलं बघा.

माझं भांडण विषयाशी नाहीच. एवढंच शिक्षण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमध्ये कितीतरी कमी फीत मिळतं. जागा थोड्या, हे कबूल. पण त्या गृहस्थांना या संस्था आहेत हेच ठाऊक नव्हतं. सांगणार कोण, ॲडमिशनचे सर?

मी अर्ज घेतला नाही. नाकारलाही नाही. म्हटलं, दादा, कॉलेजकडून लिहून आणा: मागच्या तीन बॅचची मुलं कुठे लागली, सरकारी लॅबमध्ये किती, पगार किती. आणि येताना पोरीला घेऊन या, तिला खरंच काय करायचंय ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. मॅनेजरसाहेब नाराज आहेत, मार्चचं टार्गेट आहे म्हणे. असू दे.

आणि हो, "मॅडम, सध्या रेट काय चाललाय" असं इनबॉक्समध्ये विचारू नका. शाखेत या, अकरानंतर.