चालू प्रकल्पासोबत प्रशिक्षण द्या
शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवलं की मुलांचे प्रकल्प आपोआप होतील, असं एका लेखात वाचलं; ते मला पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर पूर्ण केले, प्रमाणपत्रंही मिळाली. पण व्हिडिओ बघणं वेगळं आणि ३५ पोरांना घेऊन गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला निघणं वेगळं. ऑक्टोबरपासून दर महिन्याला आम्ही गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडायचो, आकडे वहीत लिहायचो, मग माझ्या मोबाइलवर स्प्रेडशीटमध्ये भरायचो. आलेख काढताना मात्र मी अडले. शेजारच्या गावातल्या सरांनी संध्याकाळी फोनवर अर्ध्या तासात समजावलं. दुसऱ्या दिवशी मार्चची रेघ एकदम खाली गेलेली बघून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीवर मोटर दिवसभर चालते ना!" मग कोणाचं पीक किती पाणी पितं यावर वर्गात तासभर चर्चा रंगली.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. त्यातले निम्मे तरी तास असे चालू प्रकल्पासोबत, अनुभवी शिक्षकाला शेजारी बसवून द्या. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्रत्येकाने आपला अडलेला प्रकल्प घेऊन यावं, मी माझा आणायला तयार आहे.