स्टीअरिंगचं कोटेशन आलं की आधी ‘प्ले दाखवा’ म्हणा

गॅरेजमधून स्टीअरिंगच्या कामाचं कोटेशन आलं की आपण सगळ्यात आधी तळाचा आकडा बघतो. मग त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो, "एवढे होतात का हो?" कोणी म्हणतं लुटतायत, कोणी म्हणतं माझ्याकडून तर याहून जास्त घेतले. माझं स्पष्ट मत आहे की या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नसतंच. पंचवीस हजारही रास्त असू शकतात आणि अडीच हजारही पाण्यात गेलेले असू शकतात. नेमकं काय बिघडलंय आणि ते समोरच्याने कसं ठरवलं, ते आधी बघायला हवं. म्हणून आधी ‘प्ले’, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, दाखवायला सांगा.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड यायला लागली. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आणि रोजचा पुण्यातला सिंहगड रस्ता, त्यामुळे खाली काहीतरी ढिलं झालं असणार हे मी धरूनच चालले होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. सुपरवायझरने आवारातच एक चक्कर मारली, स्पीड ब्रेकरवरून गाडी नेली आणि उतरता उतरता निकाल दिला, "मॅडम, रॅक गेलाय." कोटेशन आलं ते असं: स्टीअरिंग रॅक असेंब्ली ११,२००, दोन्ही टाय रॉड एंड १,५६०, दोन्ही लोअर आर्म ४,९००, दोन्ही लिंक रॉड १,७८०, मजुरी ४,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००. टॅक्स धरून एकूण २५,३४०.

गाडी रॅम्पवर चढवलीच नव्हती. चाकाला कोणी हातही लावला नव्हता. मी विचारलं, "रॅक गेलाय हे कशावरून?" उत्तर मिळालं, "आवाजावरून कळतं मॅडम. सरांना फोन लावून देता का, त्यांना समजावतो." गाडी माझ्या नावावर, चालवते मी, हप्ते मी फेडले. समजवायचं तर मलाच समजवायला हवं होतं. मैत्रिणींनो, अशा वेळी फोन घरच्या पुरुषाकडे अजिबात देऊ नका.

आता जरा खालची रचना बघू, कारण ती कळल्याशिवाय कोटेशन वाचताच येत नाही. आपण स्टीअरिंग फिरवतो ते कॉलममधून, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यातून, खाली पिनियन या छोट्या दातेरी चाकापर्यंत पोचतं. पिनियन रॅकला, म्हणजे आडव्या दातेरी दांड्याला, डावी-उजवीकडे सरकवतो. रॅकच्या दोन्ही टोकांना आधी आतला रॅक एंड, मग बाहेरचा टाय रॉड एंड, आणि तो शेवटी चाक वळवतो. लोअर आर्म आणि लिंक रॉड हे खरं तर सस्पेन्शनचे भाग, पण हे सगळं हातभर अंतरात दाटीवाटीने बसलेलं असतं. त्यामुळे नुसत्या आवाजावरून बोट दाखवणं अवघड. हळू वेगात एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खडखड आली तर लिंक रॉडवर पहिला संशय घ्यावा. ठोका स्टीअरिंग धरलेल्या हातात जाणवत असेल तर रॅक किंवा टाय रॉडकडे बघावं. गाडी उभी असताना स्टीअरिंग पूर्ण फिरवलं आणि वरून ‘कट्ट’ असा आवाज आला तर स्ट्रट माउंट, म्हणजे पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचा वरचा आधार. हे सगळे अंदाजच. खात्री गाडी उचलल्यावरच होते.

मी गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजला गेले. तिथले काका पहिल्यांदाच म्हणाले, "नुसतं बघायचे तीनशे होतील ताई. काम इथं केलंत तर बिलातून वजा करीन." गाडी वर घेतली. पुढचं उजवं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर बारीक टकटक झाली. मग मलाच खाली बोलावलं, टाय रॉड एंडच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगितलं आणि मुलाला चाक हलवायला लावलं. तो धक्का मला बोटाला स्पष्ट लागत होता. मग बारा आणि सहाच्या जागी धरून बघितलं, काहीच हललं नाही. म्हणजे व्हील बेअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट ठीक. डाव्या लिंक रॉडचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस वाहून गेलेलं, गोळी वाटीत सैल फिरत होती. उजव्याची गतही फार वेगळी नव्हती. रॅकच्या बुशमध्ये, म्हणजे रॅकला आधार देणाऱ्या आतल्या कडीत, किंचित प्ले होता, त्यावर काका म्हणाले, "हा आत्ता बदलायची गरज नाही. वर्षभराने परत दाखवा."

दोन्ही लिंक रॉड आणि उजवा टाय रॉड एंड, सगळं कंपनीचंच, मिळून २,५६०. मजुरी १,२००. अलाइनमेंट ५००. बिल ४,२६० रुपयांचं झालं आणि आवाज गेला.

सर्व्हिस सेंटरने मला मुद्दाम फसवलं, असं मी म्हणत नाही. रॅकचं बुश सुटं मिळत नाही, अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते, असं बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत असतं. तिथल्या पोरांना दिवसाला अमुक गाड्या काढायच्याच असतात, आणि सुटा भाग शोधत बसण्यापेक्षा सगळंच बदललं की गाडी परत तक्रार घेऊन येत नाही. त्यांची अडचण मला कळते. पण न बघता पंचवीस हजारांचा कागद हातात ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

यात आपल्या सवयीचाही वाटा आहे. डॉक्टरांना तपासायची फी आपण मुकाट्याने देतो, औषध न देता "काही झालेलं नाही, घरी जा" म्हणाले तरी देतो. मेकॅनिकला मात्र आपण विचारतो, "नुसतं बघायचे पैसे कसले?" अर्धा तास गाडीखाली घालवून त्याने "काही बदलायला नको" असं सांगितलं तर त्याला शून्य मिळतं, आणि रॅक बदलायला सांगितला तर पार्टावरचा नफा मिळतो. मग तो काय सांगेल? म्हणून मी स्वतःहून विचारते, "बघायचे किती घेणार? काम करो न करो, ते मी देणार." हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याची बोलण्याची पद्धतच बदलते, हा माझा अनुभव आहे.

आता कोटेशनमधल्या दुहेरी आकारणीबद्दल, कारण पैसे जातात ते खरे इथे. रॅक असेंब्लीच्या खोक्यात रॅक एंड बहुतेक वेळा जोडलेलेच येतात, काही गाड्यांच्या असेंब्लीत टाय रॉड एंडसुद्धा येतात. तेव्हा असेंब्लीही लावली आणि ते वेगळेही लावले असतील तर खोक्यात काय काय येतं ते विचारा. तसंच मजुरीचं. रॅक खाली काढायचा तर टाय रॉड एंड आधी सुटे करावेच लागतात. त्यामुळे रॅकची पूर्ण मजुरी लावून वर टाय रॉडची वेगळी मजुरी धरणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. बॅलन्सिंगचा तर या खडखडीशी संबंधच नाही. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर ते करावं. अलाइनमेंट मात्र टाय रॉडला हात लावला की हवंच, त्यात काटकसर नको. फक्त आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागा. बहुतेक हॅचबॅकला पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, तेवढा जुळवता येतो. ‘कॅम्बर (चाकाचा उभा कल) करून देतो’ म्हणत हजार-बाराशे वाढवले तर कॅम्बर कशाने करणार ते विचारा. पुष्कळ ठिकाणी यंत्र लावून चक्क स्ट्रट वाकवतात. माझ्या गाडीला मी ते कधीच करू देणार नाही.

‘पॉवर स्टीअरिंग असेंब्ली’ असा मोघम शब्द कोटेशनमध्ये असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर वर कॉलमवर असते आणि खालचा रॅक साधा यांत्रिक असतो. म्हणजे रॅक खराब झाला म्हणून मोटर बदलायची नसते, आणि मोटर गेली म्हणून रॅक बदलायचा नसतो. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक. काही मोठ्या गाड्यांत मोटर रॅकवरच असते, तिथे खर्च खरोखरच मोठा येतो. माझ्या नाशिकच्या आतेभावाचं स्टीअरिंग एकदम जड झालं आणि ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा) दिवा लागला. त्याला कॉलम बदलायला अडतीस हजार सांगितले. ती मोटर बॅटरीतून भरपूर करंट ओढते, त्यामुळे बॅटरी किंवा अल्टरनेटर ढिला पडला तरी हेच लक्षण दिसतं. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. ती बदलली, दिवा गेला, स्टीअरिंग पहिल्यासारखं हलकं झालं. ऑइलच्या दाबावर पॉवर स्टीअरिंग चालणाऱ्या जुन्या हायड्रॉलिक गाड्यांत ऑइल कुठून गळतंय ते आधी बघावं. नुसता पाइप बदलून भागत असेल तर पंपाला हात कशाला लावायचा?

स्वस्तातलं कोटेशन मला महागड्याइतकंच खटकतं. टाय रॉड एंड चालत्या गाडीत निखळला तर ते चाक भलतीकडे वळतं आणि ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. तीन-चारशे वाचवायला इथे डुप्लिकेट माल लावणं किंवा कुठल्या गाडीतून निघालेला भंगारातला रॅक बसवणं, हा जिवाशी खेळ आहे. काकांनी नवा नट कसल्यावर, तो सैल होऊ नये म्हणून असलेली त्यातली स्प्लिट पिन वाकवून मला दाखवली होती. ज्या गाड्यांत ती पिन असते तिथे ती नवीच घालायची असते. असल्या हाताला बाराशे रुपये मजुरी मला कमीच वाटली. मजुरीवर घासाघीस करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, भांडायचं तर पार्टावर भांडा. पार्टाच्या खोक्यावर नंबर आणि एमआरपी छापलेली असते. कोटेशनमध्ये पार्ट नंबर मागून घ्या, तो घेऊन नाना पेठेतल्या दोन दुकानांत विचारा, दहा मिनिटांत खरं कळतं.

सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं, हा जुना दुखणारा विषय आहे. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच झालं. पण गल्लीतल्या काकांना कंपनीचं दुरुस्तीचं मॅन्युअल आणि स्कॅनर परवडेल अशा दरात मिळेल, तेव्हा मला खरा आनंद होईल.

बिलाचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये कुठला दर धरलाय ते बघा. काढलेले जुने भाग परत मागा, ते तुमचेच आहेत. "बिल नको असेल तर टॅक्स सोडतो" याला भुलू नका. पार्टची वॉरंटी मागायला गेल्यावर हातात कागद लागतो. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानलेली आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

सर्व्हिस सेंटरांकडे माझी एक मागणी आहे. कुठल्या कामाला किती वेळाची मजुरी लावायची, याचा कंपनीचा तक्ता त्यांच्याकडे असतोच. तो काउंटरवर लावा, मराठीत लावा. रॅक बदलायला किती तास, टाय रॉडला किती, दोन्ही एकत्र केलं तर किती, हे गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे.