आईचा जीव धोक्यात असताना कोर्टाच्या आदेशाची गरज नसते

‘२४ आठवडे उलटले की आईचा जीव जात असला तरी कोर्टाच्या आदेशाशिवाय गर्भपात करता येत नाही, नवऱ्याची सहीही लागते, नाहीतर डॉक्टर जेलमध्ये’ असा मेसेज फिरतो आहे. तो खरा मानून कुणी पेशंटला पुढच्या गावी पाठवलं तर ती वाटेतच जाईल.

आठवड्यांचं आधी. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचं कलम ५ सांगतं: स्त्रीचा जीव वाचवायला गर्भपात ताबडतोब आवश्यक आहे, असं एका नोंदणीकृत डॉक्टरचं सद्भावनेने मत झालं की आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि मान्यताप्राप्त केंद्राची अट लागू होत नाही. स्त्रीरोगातला अनुभवही या कलमापुरता सक्तीचा नाही. नोंदणी मात्र हवीच. नोंदणीकृत नसलेल्या माणसाने गर्भपात केला तर २ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे.

मग कोर्टाच्या बातम्या येतात त्या कशाच्या? २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आढळलं तर निर्णय मेडिकल बोर्ड (सरकारने नेमलेलं तज्ज्ञ डॉक्टरांचं मंडळ) देतं, अर्ज आल्यापासून ३ दिवसांत. बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठी २४ आठवड्यांनंतर कायद्यात तशी वाट नाही, म्हणून ती प्रकरणं हायकोर्टात जातात. ताबडतोब जीव वाचवण्याचा प्रश्न या दोन्हींहून वेगळा आहे.

नवऱ्याची सही लागत नाही. १८ पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची. ती बेशुद्ध असेल आणि पालकही हाताशी नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संमतीविना केलेल्या तातडीच्या उपचाराला संरक्षण देतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘गर्भाचे ठोके थांबेपर्यंत हात लावू नका’. आपल्या कायद्यात अशी अट कुठेही नाही. आयर्लंडमध्ये मात्र २०१२ साली बेळगावच्या सविता हलप्पनवार यांच्या बाबतीत डॉक्टर ठोके चालू आहेत म्हणून थांबले. गर्भ १७ आठवड्यांचा, वाचणार नाही हे ठरलेलं, २२ ऑक्टोबरला पाणमोट फुटलेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्याचा, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा, दाखल झाल्या दिवशीचा रिपोर्ट वेळेत पाहिला गेला नाही, नाडी-ताप-बीपी दर चार तासांनी घेण्यात खंड पडला. २८ ऑक्टोबरला सेप्सिसने, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊन, त्या गेल्या. पाणमोट फुटलेल्या बाईची नाडी शंभरच्या वर चढू लागली, ताप ३८ सेल्सिअसवर गेला किंवा स्रावाला घाण वास आला की ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घेऊन तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं आणि गर्भाशय रिकामं करायची तयारी त्याच वेळी सुरू करायची.

‘जेल’बद्दल: गर्भपात कायद्याचं कलम ८ सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं, पण ती सद्भावना केसपेपरवर दिसायला हवी. वेळ, बीपी, नाडी, ताप, लॅक्टेट (सेप्सिस किती गंभीर आहे ते सांगणारी रक्ततपासणी), थांबलं तर काय होईल याचं एका ओळीत कारण, संमती, कुणाला फोन केला ते, आणि सहीखाली रजिस्ट्रेशन नंबर. गर्भपात केल्याचं, याच कायद्याखालच्या फॉर्म १मधलं प्रमाणपत्र गर्भपातानंतर ३ तासांत भरायचं. पेशंट स्थिर होण्याआधी फॉर्म शोधत बसू नये.