खाऱ्या हवेतही जुनं हायफाय टिकतं

एका लेखात म्हटलंय की किनाऱ्यावरच्या दमट हवेत जुनं हायफाय, म्हणजे घरी गाणी ऐकायची चांगल्या आवाजाची यंत्रणा, ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, मला हे अजिबात पटलं नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी बाबांनी १९८२ मध्ये घेतलेला अँप्लिफायर आणि टर्नटेबल (रेकॉर्डी वाजवायचं यंत्र) अजून रोज संध्याकाळी लागतात. निगा लागते हे खरं. मागच्या पावसाळ्यात व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की नुसती खरखर, वाटलं गेला आता, पण आतल्या कॉन्टॅक्टवर काळपट थर बसलेला, प्लग काढून कॉन्टॅक्ट साफ करायचा क्लीनर मारला, बटण वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवलं आणि आवाज एकदम मोकळा झाला! टर्नटेबलचा रबरी बेल्ट सैल पडला की मिनिटाला साधारण ३३ फेऱ्यांचा वेग उतरतो आणि गाणारा दमल्यासारखा वाटतो, तो बदलायला पाच मिनिटं. रेकॉर्डी उभ्याच ठेवा हं, आडव्या रचल्या की वाकतात.

बाकी दिवेलागणीनंतर सर ओसरली की पडवीत झोपाळ्यावर बसायचं, पागोळ्या गळत असतात, आतून तानपुरा सुरू होतो आणि वीसेक मिनिटांनी उठून बाजू पलटायची, ते उठणंसुद्धा मला फार आवडतं.