एला शब्द विसरली तेव्हा

धाकट्या भावाचा पुण्याहून व्हॉट्सॲप आला. दिवाळी पहाटेला गायकाने समोर टॅब ठेवून अभंगसुद्धा बघून गायले आणि त्यावरून घरात जुंपलीय. आई म्हणते, पाठ नसेल तर गाऊ नये. हा म्हणतो, तीस-तीस गाणी पाठ कोण करतं? "दादा, तू सांग." बर्लिनला बसून मत द्यायला माझं काय जातं!

मी त्याला एक ध्वनिमुद्रण धाडलं. 13 फेब्रुवारी 1960, इथलंच डॉइचलांडहाले सभागृह (2011 साली पाडलं ते). अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड 'मॅक द नाइफ' गायला घेते. गाणं बर्लिनचंच, नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या 1928च्या 'थ्रीपेनी ऑपेरा'तलं. पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच्यावरूनच केलेला. म्हणजे गाणं माहेरपणाला आलेलं. शब्द आठवले म्हणजे मिळवली, असं ती आधीच बोलून ठेवते.

हेडफोन लावून ऐका. सुरुवातीची कडवी ठाकठीक जातात आणि मग शब्द संपतात. गळा मात्र अडत नाही. पुढचं कडवं कुठलं, हेही ती चालीतच विचारते! बॉबी डॅरिनने हे गायलं, लुई आर्मस्ट्राँगने गायलं, आता आम्ही त्याची वाट लावतोय, असं गातगातच कबूल करते. वर आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढून दाखवते. मागे बास आणि ड्रम, जणू काही घडलंच नाही. या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

भाऊ खूश. "म्हणजे विसरलं तरी चालतं!"

चालत नाही रे. तिथे तीच छोटी चाल फिरून फिरून येते, तिच्यात काहीही बसवता येतं. गीतरामायणात गदिमांची ओळ विसरून तिथे स्वतःचं काही घालून बघ, लोक उठून जातील. तेवढ्यापुरती आई बरोबर. पण टॅबमधलं मला खुपतं ते वेगळंच, आणि ते स्वतःवरून कळलंय. इथल्या आमच्या गणपतीत मीही टॅब लावून गायला बसलो होतो. दुसऱ्या अंतऱ्यात स्क्रीन काळी झाली आणि मी गप्प. तबलेवाला माझ्याकडे बघत तीन वेळा समेवर आला. मी बोटाने काच घासत होतो.