जीलिबसी २.३८ नॉट फाउंड

डेबियन या लिनक्सची स्टेबल, म्हणजे जुनी पण भरवशाची, आवृत्ती वापरणाऱ्याला कुठलंही नवीन टूल दाखवा, तो फीचर्स नंतर बघतो, आधी विचारतो याला जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सिस्टीमची मूळ लायब्ररी) कितवी लागते. माझंही तेच झालंय. परवा मित्राने एक टूल पाठवलं, म्हणे एकच फाइल आहे रे, डाउनलोड कर आणि चालव, डिपेंडन्सीची, म्हणजे सोबत दुसरं काही लागण्याची, भानगडच नाही. चालवलं. "जीलिबसी २.३८ नॉट फाउंड". माझ्याकडे डेबियन १२ म्हणजे बुकवर्म, ऑगस्ट २०२५ पर्यंतची स्टेबल, त्यात जीलिबसी २.३६, आणि ती २.३६च राहणार, कारण जून २०२३ ला रिलीज झाली तेव्हा जे व्हर्जन ठरलं ते ठरलं, पुढे सिक्युरिटीची ठिगळं त्याच जुन्या व्हर्जनला लावत राहायची.

बरं, २.३८ मधलं असं काय दिव्य हवं होतं याला, म्हणून ऑब्जडंप (प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं. तर स्ट्रटोल! टेक्स्टमधला आकडा घेऊन खरा आकडा करून देणारं फंक्शन, जे सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डपासून गुमान काम करतंय. झालंय असं की सी२३ या नव्या स्टँडर्डमध्ये ०बी लावून बायनरी आकडे लिहायची सोय आली, मग नव्या सिस्टीमवर कंपाइल केलं की बऱ्याचदा साध्या स्ट्रटोलच्या जागी गुपचूप वेगळ्याच नावाचं फंक्शन जोडलं जातं आणि ते २.३८ च्या आधी अस्तित्वातच नाही. टूल लिहिणाऱ्याने कोडमध्ये एक अक्षर बदललं नसेल, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, एवढा साधा नियम, पण बनवणाऱ्यांकडे जुनं मशीन असतंय कुठे!

मग सल्ले सुरू. एक म्हणाला जीलिबसीच बदलून टाक ना. अरे बाबा, एलएस, सीपी, बॅश अशा रोजच्या कमांड सगळ्या तिच्यावर उभ्या, ती फिसकटली तर दुरुस्तीला लागणारी कमांडसुद्धा चालणार नाही. दुसरा म्हणाला सिडवर, म्हणजे डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर, ये, तिथे सगळं ताजं मिळतं. डेबियनच्या रिलीजची नावं टॉय स्टोरीतल्या पात्रांवरून ठेवतात आणि सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. यापेक्षा स्पष्ट धोक्याची पाटी कुठली लावणार?

आणि खरं सांगू, मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या टूलमध्ये कोणीतरी चोरून आत शिरायला मागचं दार बसवून ठेवल्याचं सापडलं तेव्हा ते ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये होतं, सिडवाले घाईघाईने मागे फिरत होते आणि स्टेबलमध्ये मात्र आरामात ५.४.१ पडलेलं. आम्ही काही न करता वाचलो. त्याची मिजास अजून उतरलेली नाही, आणि उतरवणारही नाही मी.

टूल शेवटी कंटेनरमध्ये टाकून चालवलं, म्हणजे एका छोट्या फाइलसाठी आख्खी दुसरी सिस्टीम आत आणून बसवली. एडिटर फ्लॅटपॅकमधून, म्हणजे लागेल ते सोबत घेऊन येणाऱ्या पॅकेजमधून, येतो. पायथनची पॅकेजेस व्हेन्वमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, कारण बुकवर्ममध्ये पिप या पायथनच्या इन्स्टॉलरला सरळ इन्स्टॉल करायला सांगितलं की ही जागा बाहेरून सांभाळली जाते म्हणून हाकलतात, आणि तरी हट्ट धरायचा असेल तर जो ऑप्शन द्यावा लागतो त्याचं नावच "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस". आता डेबियनचं स्वतःचं म्हणून मी रोज काय वापरतो, तर टर्मिनल, वॉलपेपर आणि कोपऱ्यातलं घड्याळ. क्रॅश मात्र एकदाही नाही हां.