टोपण काढा, सायेब

परवा मेणवलीच्या घाटावर मला जितक्या माणसांनी "टोपण काढा" म्हणून सांगितलं, तितक्यांनी माझ्या लग्नात "सुखी राहा" म्हटलं नव्हतं.

इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्याचे फोटो काढायला लेन्सवर लावायचा फिल्टर दिसतोच काळाकुट्ट, लेन्सच्या टोपणासारखा. ७२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडचा, म्हणजे आपले डोळे ज्यावर चालतात तो जवळजवळ सगळा प्रकाश तो अडवतो. पलीकडचा तेवढा सोडतो, आणि त्यात झाडं पांढरीशुभ्र, आभाळ काळं येतं. पण हा पलीकडचा प्रकाश आत येऊ नये म्हणून कॅमेरेवाल्यांनी सेन्सरवर आधीच एक काच बसवलेली असते! एक काच म्हणते हाच सोडीन, दुसरी म्हणते हा सोडून कुठलाही. दोघींच्या भांडणातून जे झिरपेल त्यावर फोटो काढायचा. भर दुपारी तीस-तीस सेकंद लागतात. आतली काच काढून मिळते, पण त्याचे पैसे ऐकले, वॉरंटीही जाणार हे कळलं, आणि मी मुकाट ट्रायपॉड घेतला. आपल्या कॅमेऱ्यात काही झिरपतं का, हे टीव्हीचा रिमोट लेन्सवर रोखून, बटण दाबून बघायचं; रिमोटमधूनही हाच प्रकाश निघतो. पडद्यावर रिमोटच्या टोकाला ठिपका उजळला की जमलं. मी ते करत असताना बायको एवढंच म्हणाली, "टीव्ही त्या बाजूला आहे."

या फोटोला ऊन रणरणतंच लागतं. म्हणून दुपारी बाराला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर उभा. आधी फिल्टर न लावता चौकट ठरवायची, फोकस करायचा, तो तिथंच अडकवून ठेवायचा आणि मग श्वास रोखून फिल्टर फिरवत बसवायचा. शेवटचा आटा बसला आणि मागून आवाज आला.

"सायेब, टोपण काढायचं ऱ्हायलंय."

टोपी, धोतर, काखेत छत्री.

"आजोबा, ते टोपण नाही. काच आहे."

त्यांनी वाकून काचेत पाहिलं. "पार काय दिसत न्हाई ह्यातनं."

"आपल्याला नाही दिसत. कॅमेऱ्याला दिसतं."

"इथं लई शूटिंगा बघितल्यात म्या. टोपण लावून कुणी केली न्हाई." मग जरा थांबून, "हिरोईन कवा येनार?"

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून ऊन पाडलं आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने १९१० साली असल्या पांढऱ्या झाडांचे फोटो छापून आणले. हिरोईन कधी येणार, असं त्या दोघांना कुणी विचारलं नसावं. आणि आता माझा पुतण्या म्हणतो, "काका, हा इफेक्ट मोबाइलमध्ये फुकट आहे." असेल. टाळू भाजून घेऊन मिळवलेलं पांढरं आणि फुकटचं पांढरं, यातला फरक बघायला कुणाला वेळ आहे?

तर हिरोईन येईना, म्हणून आजोबा स्वतःच पायरीवर जाऊन बसले. बरोब्बर चौकटीत.

"हलू नका हं."

"हलतोय कुठं!" ते मान हलवून म्हणाले. पुढे तीसही सेकंद या घाटावर कोण कोण नट येऊन गेले ते सांगत राहिले.

फोटो आला. आधी नुसता लालभडक असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, गवतावरून लावून घेतला की पानं पांढरी होतात. धोतर एकदम कातीव, छत्रीची दांडीसुद्धा स्वच्छ. टोपीच्या खाली मात्र नुसती वाफ.

आजोबांनी स्वतःकडे पाहिलंच नाही. झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "भुरी पडलीया. गंधक धुरळा."

मी समजावलं, की ही पानावरची बुरशी, भुरी नाही, हरितद्रव्य हा प्रकाश अडवत नाही, पानाच्या आतल्या पेशी आणि पोकळ्या तो उलटा फेकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"द्राक्षावर बी अशीच पडती," ते म्हणाले. "आन् माजं डोस्कं कुटाय?"

"तुम्ही बोलत होतात. जे हलतं ते येत नाही."

"बरं." छत्री काखेत मारून त्यांनी हात पुढे केला. "शूटिंगवालं बसायचं पैसं देत्यात."

दिले. पण गप्प बसवेना. म्हटलं, डोकं आलं नाही, त्याचे तरी कापून घ्या.

"ते का म्हून? डोस्कं तुमच्या मशीननं खाल्लं!"